भासऱ्यांचा हात

माझी नात नर्सिंग शिकते. तिच्या पुस्तकात एक चित्र आहे. एक माणूस उघडाबंब बसलेला, त्याच्या छातीला भोक, आणि दुसरा माणूस त्या भोकावर प्लास्टिकचा तुकडा दाबून धरतोय. खाली सूचना छापल्या आहेत आणि त्यातली पहिलीच अशी: जखम उघडी करा. तीन शब्दांत काम झालं! मी तिला विचारलं, "हा चित्रातला माणूस पुरुषच का गं?" ती म्हणाली, "आजी, कोणीही असलं तरी इलाज तोच." पोरगी हुशार आहे, पण तिचं लग्न व्हायचंय आणि झालं तरी तिच्या सासरी कोणी 'पदर घे' म्हणणार नाही. इलाज तोच असतो हे खरं. बाकी काहीच तेच नसतं.

मला असंच भोक पडलं होतं. उजव्या बाजूला, स्तनाच्या जरा खाली. आणि ते उघडं करणारा माणूस माझा भासरा होता.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आजकालच्या मुली त्यांना दादा म्हणतात, समोर बसून चहा पितात. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट, आणि आमचं गाव धामणगाव बढेपासून बैलगाडीच्या वाटेवर. आमच्याकडे सासऱ्यासमोर एक वेळ तोंडातून शब्द निघाला तर चालायचा, भासऱ्यासमोर नाही. तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, सावलीला सावली लागू द्यायची नाही. त्यांना घरात यायचं असलं की ते दाराबाहेर खाकरायचे. खाकरणं ऐकलं की मी पदर हनुवटीपर्यंत ओढायचे आणि पाठ करून बाजूला व्हायचे. ते खाकरायचे, मी पदर ओढायचे. एवढंच आमचं दोघांचं बोलणं.

माणूस भला होता. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. लढाईच्या दिवसांत तालुक्याच्या गावी प्रथमोपचाराचा वर्ग भरला तेव्हा 'गावातून एक माणूस पाठवा' असा निरोप आला. ज्याच्यामागे बायको-लेकरं नाहीत तो मोकळा, या न्यायानं भासऱ्यांना पाठवलं. ते परत आले ते तिकोनी फडकी घेऊनच. बैलाच्या पायाला पट्टी बांध, घराच्या खांबाला फळ्या बांध, एकदा माझ्या नवऱ्याच्या धडधाकट हातालाही झोळी बांधून दिवसभर फिरवला. गाव पोट धरून हसलं. "दुश्मन आला तं हा खांबाले वाचवीन," असं लोक म्हणत. मीही पदराआड खूप हसले होते. हसायला भासऱ्यांची बंदी नव्हती, आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं.

कापूस वेचणीचे दिवस होते. नवरा कापसाची गाडी घेऊन धामणगावला गेला होता. माझी मुलगी पाळण्यात, अंगावर पिणारी. मी बैलांसाठी सरकीच्या ढेपेचं टोपलं घेऊन गोठ्याकडे निघाले. गोठ्याच्या कडेला भासरे दोर वळत बसलेले असत, हे मला माहीत होतं, म्हणून मान खालीच होती. नवीन आणलेला एक बैल होता. विकणाऱ्यानं त्याची शिंगं साळून साळून टोकदार केलेली. त्यानं दावं सोडवून घेतलं होतं, हे मला दिसलं नाही.

भासरे खाकरले. मग पुन्हा, मोठ्यानं खाकरले. मला वाटलं, माझा पदर वर गेलाय की काय. मी तो हनुवटीपर्यंत ओढला, त्यांच्याकडे पाठ केली आणि नेहमीसारखी बाजूला सरकले. ती बाजू बैलाची होती.

आधी दुखलं नाही. धक्का बसला आणि मी शेणात बसलेली होते. मग तो आवाज ऐकू आला. मी श्वास घेतला की छातीतून सूं असा आवाज यायचा, लोहाराचा भाता फाटल्यावर येतो तसा, आणि सोडला की लाल फेस. तोंडानं कितीही हवा ओढली तरी ती पोचत नव्हती. हवा दुसऱ्याच दारानं आत शिरत होती.

सासू धावत आली. शेजारच्या बाया आल्या. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं? मला झाकलं. एकीनं माझा पदर छातीवर दोन पदरी घेतला, दोघींनी एक लुगडं धरून आडोसा केला. जीव चाललेल्या बाईला पहिली गरज आडोशाची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. भासरे आडोशापलीकडे उभे. त्यांचा आवाज लुगड्यातून येत होता.

"माय, चोळी सोड तिची. भोकावर तळहात ठेव, दाबून. हवा आत जाऊ देऊ नको."

"तू तिकडं तोंड कर आधी," सासू म्हणाली.

तिनं हात ठेवला, पण पदरावरून, तोही हळदीनं भरलेला. कापडातून हवा आरामात येत-जात होती. कोणीतरी पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. "पाणी नका देऊ!" लुगड्यातून आवाज आला. माझ्या डोळ्यांपुढे माणसं लांब जायला लागली. कोणीतरी म्हणालं, ओठ पहा कसे निळे पडून राह्यले. आणि मग ते लुगडं एकदम बाजूला झालं. भासरे आत आले, सासूचा हात त्यांनी ढकलून दिला, माझ्या चोळीची गाठ सोडली आणि उघड्या छातीवर, भोकावर, आपला तळहात दाबला.

आवाज थांबला. तोंडानं घेतलेला श्वास आत गेला.

इथे मी लिहायला हवं की मला बरं वाटलं. नाही वाटलं. श्वास आला तशी शुद्ध आली आणि शुद्ध आली तशी लाज आली. सगळं गाव जमलेलं. मी उघडी. माझं तोंड ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं त्यांचा हात माझ्या छातीवर. आणि दूध. अंगावर पिणारं लेकरू होतं, सकाळचं पाजायचं राहिलं होतं. त्या दुधानं त्यांचं मनगट भिजत होतं. एवढी वर्षं झाली, त्या बैलाचं शिंग मला स्वप्नात येत नाही, ते मनगट येतं.

मी त्यांचा हात ढकलला. होती नव्हती ती ताकद लावून ढकलला. सूं आवाज पुन्हा सुरू झाला. त्यांनी पुन्हा दाबला.

"हात काढू नको. मरशील," ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी पुन्हा ढकलला. खरं सांगते, मला मरायचं होतं. झाकलेली मरायचं होतं.

"पोट्टी पाळण्यात हाये तुही," ते म्हणाले. "तिच्यासाठी थांब."

मग मी नाही ढकलला. डोळे मिटून घेतले. आपण मिटले की जग आंधळं होतं असं लहान मुलांना वाटतं ना, तसं.

त्यांनी सासूकडून पाळण्यातलं मेणकापड मागवलं, लेकरानं गादी भिजवू नये म्हणून खाली घालतात ते. ते भोकावर ठेवलं, धोतर फाडून वरून बांधलं. पण रक्तानं ते सरकायचं, म्हणून वरून तळहात दाबलेलाच. मला आडवी होऊ दिलं नाही. अर्धवट बसवलं आणि जखमेच्याच अंगावर कलती केली. दुखऱ्या बाजूवर कलायला जीव तयार होत नव्हता. ते म्हणाले, चांगली बाजू श्वासाले मोकळी पाह्यजे. हे सगळं ते सासूकडे बघून बोलत होते. मरणातून परत आल्याबरोबर रीतही परत आली होती.

शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून मला धामणगावला नेलं. तिथे एका व्यापाऱ्याच्या अंगणात नवरा कापूस मोजून देत होता. तो धावत आला, गाडीत काय चाललंय ते त्यानं पाहिलं, आणि त्याचा चेहरा कसा झाला तो मी पाहिला. "दादा, तू सोड. मी धरतो," तो म्हणाला. भासऱ्यांनी लगेच जागा दिली. ती देताना त्यांनी जो निःश्वास टाकला, त्यावरून कळलं की त्यांनाही ती नको होती. पण नवऱ्याला दाबायची भीती वाटली. बायकोला दुखेल म्हणून त्यानं हात नुसता ठेवला. मेणकापड सरकलं, सूं सुरू झालं, मी गटांगळ्या खायला लागले.

"दे इकडं बे!" भासरे म्हणाले. नवऱ्यानं जागा परत दिली आणि माझे पाय धरून बसला.

तो व्यापारी मुसलमान होता, आमच्या घराचा कापूस वर्षानुवर्षं घेणारा. त्यानं काही विचारलं नाही. ट्रकमध्ये भरलेला कापूस अर्धा खाली ओतायला लावला आणि उरलेल्यावर मला टेकवलं. आतून त्याच्या बायकोनं एक चादर पाठवली, मला झाकायला. मोठ्या मायेनं पाठवली बिचारीनं. पण हात उघड्यावर होता तेव्हा तो निदान इलाज दिसत होता. चादरीखाली गेल्यावर तो काय दिसत असेल, या विचारानं मी ट्रकच्या फळ्या मोजत राहिले.

बुलढाण्याला जायला राजूरचा घाट चढावा लागतो. घाटात माझा जीव पुन्हा घाबरा झाला. आता सूं नव्हतं, भोक तर बंद होतं, तरी छाती आतून कोणी फुगवतंय तशी गच्च झाली, मानेच्या शिरा तटतटल्या, बोलता येईना. भासरे माझ्याकडे बघत राहिले. वर्गात हे शिकवलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. मग त्यांनी मेणकापडाचा एक कोपरा उचलला. फस्स करून हवा बाहेर आली. मला श्वास आला. त्यानंतर तो कोपरा त्यांनी ढिलाच ठेवला, बाकीच्या बाजू दाबून.

"कसं सुचलं दादा?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही सुचलं," ते म्हणाले, आणि रडायला लागले. हात न हलवता रडत होते. "म्या पायलं होतं बे. बैल सुटलेला पायला होता. तिले काय म्हणून हाक मारू? नाव घेता येत नाही. बोलता येत नाही. खाकरलो. तिनं पदर वढला. मंग अजून जोरात खाकरलो. नुसता खाकरत राह्यलो बे मी!"

नवऱ्यानं माझे पाय आणखी घट्ट धरले. मीही ऐकलं. ते मला ऐकू जात होतं, हे त्यांना माहीत असेल का, मला ठाऊक नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. पण तेव्हाही मी चादरीखालच्या हाताचाच विचार करत होते. लाज इतकी आप्पलपोटी असते.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीत नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलं होतं. माझ्या श्वासाबरोबर त्या बाटलीत बुडबुडे यायचे. फेरीला आले तेव्हा डॉक्टर भासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांनी तुम्हाला हाताच्या तळव्यावर आणलंय. कोपरा उचलला नसता तर घाटातच संपलं होतं." मालक खिडकीपाशी उभे होते आणि बाहेरच्या लिंबाकडे बघत होते. आम्हा तिघांपैकी एकानंही डॉक्टरांची चूक दुरुस्त केली नाही. भासरे त्याच पावली व्हरांड्यात गेले आणि नळी निघेपर्यंत खोलीत आले नाहीत.

मी घरी आले ती उंबऱ्यावर थांबवली गेले. सासूनं डोक्यावरून आंघोळ घातली, गोमूत्र शिंपडलं. तिला दोष नाही देत. लेकराला पाजायला मी परत आले म्हणून ती रडतही होती आणि शिंपडतही होती. भासऱ्यांनाही तिनं असंच अंगणात उभं करून पाणी घातलं होतं म्हणे. उजव्या बाजूचं दूध आटलं होतं. मुलगी एका बाजूवर वाढली.

खरी आंघोळ पुढे विहिरीवर झाली. एका बाईनं घागर भरता भरता विचारलं, "काऊन वं, भासऱ्याचा हात गरम होता का थंडा?" सगळ्या हसल्या. त्यांतल्या दोघी लुगड्याचा आडोसा धरणाऱ्या होत्या. मी रिकामी घागर घेऊन परत आले. एरवी माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती होत नसे.

हे बोलणं भासऱ्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी आधी गोठ्यात जेवायला सुरुवात केली. मी अंगणात दिसले की भिंतीकडे तोंड करायचे. आणि एका सकाळी, शेगावला जातो, काही दिवस सेवा करतो, असं सासूला सांगून निघून गेले. ते काही दिवस संपेनात. नवरा आणायला गेला आणि एकटाच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा एकटाच आला. गावाला तर आयतं सापडलं. पाप असल्याबिगर माणूस कायले प्रायश्चित्त करते, असं लोक उघड बोलायला लागले.

मला गावाचा राग आला, सासूचा आला, पण सगळ्यांत जास्त भासऱ्यांचा आला. ते तिकडे बसून पाप फेडत होते, म्हणजे माझं जगणं हेच ते पाप होतं. ते परत आले नाहीत तर जन्मभर तसंच राहणार होतं आणि माझी मुलगी त्यातच मोठी होणार होती. कोणी तिला हे सांगायचं बाकी ठेवलं नसतं. मी नवऱ्याला म्हटलं, मी येते. तो म्हणाला, तू येऊन काय करशील, तुले तं बोलता येत नाही त्याच्याशी. मी म्हटलं, पाहू.

मलकापूरहून आगगाडीनं शेगावला गेलो. भासरे एका धर्मशाळेच्या आवारात यात्रेकरूंसाठी पाणी भरत होते. दाढी वाढलेली. आम्हाला पाहिलं आणि सवयीनं भिंतीकडे वळले. नवरा बोलला, माय जेवत नाही म्हणाला, वेचणी अडली म्हणाला. ते नाही नाही अशी मान हलवत राहिले. आवारात बायामाणसं भांडी घासत होती, कपडे वाळत घालत होती. सगळे बघायला लागले.

मी पदर कपाळापर्यंत मागे घेतला. त्यांना हाक मारायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता, म्हणून हाक न मारताच बोलले.

"घरी चला."

ते नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, लोकायसमोर बोलू नये."

"लोक बोलूनच राह्यले," मी म्हटलं. "तुम्ही इथं पाणी भरता, अन् तिथं लोक म्हणतात पाप झालं. मी जगली, हे पाप झालं काय? तसं असन तं सांगा. तू जगाले नको होतं, असं एकदा तुमच्या तोंडानं सांगा. मंग राहा इथंच."

एवढं मी एका दमात बोलले, आणि इतका दम माझ्या छातीत अजून नव्हता. उजव्या बाजूला चमक निघाली, खोकला आला, मी वाकले. भासरे भिंतीकडून वळले ते हात पुढे करूनच. विचार करायच्या आधीच तो हात निघाला होता, सरळ माझ्या छातीकडे. मग सगळ्यांच्या देखत तो मध्येच थांबला. नवऱ्यानं पाहिलं, मी पाहिलं, भांडी घासणाऱ्या बायांनी पाहिलं. लाजेनं माझे कान तापले. पदर ओढून घ्यावा असं फार वाटलं. मी तो ओढला नाही.

त्यांनी हात धोतराला पुसला, तो ओला नसताना.

"तसं नाही वं," ते म्हणाले. नवऱ्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "थांब. आधी दम घे. मंग जाऊ घरी."